सरकारी सेवांचा खर्च कुणी उचलायचा?

साखळीकर: २०१२ मध्ये गोव्यात पर्रीकर सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळपास शून्यावर आणला, तेव्हा आमच्या वाड्यावर रोज कदंबाने, म्हणजे सरकारी बसने, जाणारेही खूश झाले. बससेवेला पैसा कुठून येणार, हे कुणी विचारलं नाही, कारण प्रत्येकाला आपल्या दारात लवकरच दुचाकी दिसत होती. माणूस करांबद्दलचं मत उद्याच्या कमाईवर ठरवतो. अर्थतज्ज्ञ बेनाबू आणि ओक यांनी २००१ मध्ये हेच मांडलं: सरासरीहून कमी कमावणाराही, आपण वर जाणार असं वाटलं तर, श्रीमंतांकडून घेऊन गरिबांना देण्याला विरोध करू शकतो. सरकारी शाळा त्यामुळेच पोरक्या झाल्या.

म्हापशेकर: साफ नामंजूर. पेट्रोलचा कर श्रीमंतांवरचा नाही, तो पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाला, आणि रिक्षावालाही भरतो. लोक चिडतात ते पैसे भरून सेवा मिळत नाही म्हणून. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात जा, ओपीडीच्या रांगेत बंगलेवालेही दिसतील. गोमेकॉचा निधी कापा म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.

साखळीकर: गोमेकॉ माझ्याच बाजूचा दाखला आहे. मोठं ऑपरेशन आलं की पैसेवाल्यालाही तीच आठवते, म्हणून उद्याच्या श्रीमंतालाही ती हवी असते. शाळेचं तसं नाही. पगार वाढला की पोराला आधी तिथून काढतात.

डिचोलीची बाय: दादा, त्या सिद्धांतातली अट तुम्ही गाळलीत. लोकांना जोखमीची फार भीती नसेल, तरच तो लागू पडतो. २०१२ मध्ये खाणी थांबेपर्यंत आमच्याकडे खनिज वाहणारा एक ट्रक असलेला दुसरा घ्यायच्या विचारात होता. मग कर्जाचे हप्ते थकले, ट्रक गंजले. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या. एवढी भीती बसल्यावर तरी लोकांनी चांगली शाळा मागायला हवी होती. मागितली ती सरकारी नोकरी. पगारांवर कितीही खर्च होऊ दे, त्याला पाठिंबा आहे, वर्गात काय शिकवतात याची चौकशी नाही. मला सगळ्यात जास्त हेच लागतं.

म्हापशेकर: बाय, खासगीत कायम काम नसेल तर माणूस दुसरं काय मागणार?

साखळीकर: बरं, फक्त शाळांच्या दुरुस्तीसाठी वेगळा सेस लावला तर भराल?

म्हापशेकर: भरेन. पण पै-पैचा हिशेब ग्रामसभेत मांडायचा.

डिचोलीची बाय: आधी हप्ते थकलेली घरं त्यातून वगळा, मग बोलू.