नाइट शिफ्टचा ओव्हरटाइम चुकतोय, पेरोलमध्ये नियम कसा लावायचा? (मदत हवी आहे)

उद्यमबाग_पेरोल: पगार 7 तारखेच्या आत द्यायचाय आणि ओव्हरटाइमचा रिपोर्ट साफ चुकायलाय. नाइटवाल्यांना पहिल्या दिवशी 'मिस पंच' (इन किंवा आउटची हजेरी नाही), दुसऱ्या दिवशी सरळ 16 तास. दर बेसिकच्या दुप्पट टाकलाय. कुठलं सेटिंग बदलायचं तेवढं सांगा, लवकर.

मच्छे_एचआर: शिफ्ट किती ते किती? आठवड्याला बदलते का? आणि दिवस किती वाजता बदलतो असं सेट आहे?

उद्यमबाग_पेरोल: नाइट म्हणजे 10 ते 6च की. पंच सगळे येतायत, मशीन ठीक आहे.

निपाणी_हिशेब: सॉफ्टवेअर सोडा. पंच एक्सेलमध्ये उतरवा, आउटमधून इन वजा करून एमओडी (भागाकाराची बाकी देणारं सूत्र) लावा. मध्यरात्र ओलांडली तरी तास बरोबर येतात.

मच्छे_एचआर: एमओडी वजाबाकी सुधारतो, इन-आउटची जोडी नाही. इथं जोडीच चुकलीय. सकाळी 6 चा आउट नव्या तारखेचा इन धरला गेलाय आणि रात्री 10 चा इन त्याचा आउट. 6 ते 22 म्हणजे बरोबर 16. एक्सेलला हीच जोडी दिली तर तोही 16च सांगेल. मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात धरायचे असतात, जुन्या कारखाना कायद्यात ते कलम 57 होतं. तुमचा दिवस 00:00 ला बदलतोय, तिथंच बिघडलंय.

उद्यमबाग_पेरोल: सकाळी 8 केला. नाइट जमली, पण आता 6 ते 2 वाल्यांचे इन आदल्या दिवसात गेले!

मच्छे_एचआर: तीन शिफ्ट असताना सगळ्यांना एकच वेळ चालत नाही, हे आधी सांगायचं होतं की. दिवस बदलायची वेळ शिफ्टवार द्या. नाइटला इनची खिडकी (पंच धरायची वेळ) 21:00 ते 23:30, आउट दुसऱ्या दिवशी 14:00 पर्यंत. पहिल्या शिफ्टला इन 05:15 पासून. उघडा इन (आउट न आलेला) असेल तर पुढचा पंच आउटच धरायचा, आणि जोडी 16 तासांपेक्षा लांब गेली तर तोडून मिस पंच दाखवायची. जेवणाची वेळ 01:30 ते 02:00 असेल तर तिथंही 'पुढचा दिवस' टिक करा, नाहीतर तो अर्धा तास कापला जात नाही. रोस्टर (कोण कुठल्या शिफ्टला ते) मात्र आधी भरलेला हवा, त्याशिवाय कुठली खिडकी लावायची हे सॉफ्टवेअरला कळत नाही.

खानापूर_अकाउंट्स: महाराष्ट्रातल्या चंदगडकडून कामगार येत असतील तर प्रोफेशनल टॅक्स बघा. कामाची जागा बेळगावात, तर राज्य कर्नाटकच निवडायचं. काही ठिकाणी पत्त्यावरून महाराष्ट्राचा स्लॅब लागतो.

मच्छे_एचआर: बरोबर आहे, पण प्रश्न तो नाही. उद्यमबाग, फक्त बेसिकवर दुप्पट का? जुन्या कारखाना कायद्याच्या कलम 59 मध्येही दर म्हणजे बेसिक अधिक भत्ते होता, बोनस सोडून. बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून 15,600 असेल तर 26 ने भागून 600 रोज, 8 ने भागून 75 तासाला, ओव्हरटाइम 150. शिवाय रोजचे 9 च्या वरचे आणि आठवड्याचे 48 च्या वरचे असे दोन नियम असतील तर बेरीज करू नका. रोज 8 तास, फक्त बुधवारी 11: रोजच्या नियमानं 2, आठवड्याच्या नियमानं 3. द्यायचे 3, पाच नव्हे. तोच माणूस शुक्रवारी गैरहजर असेल तर आठवडा 43 तासांचा, तरी बुधवारचे 2 द्यायचेच.

निपाणी_हिशेब: 9 कुठला? तो जुन्या कारखाना कायद्याचा. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत रोजचे 8 आहेत.

मच्छे_एचआर: म्हणूनच आकडा सूत्रात कोरायचा नाही. मर्यादा वेगळ्या रकान्यात ठेवा, लागू तारखेसह, म्हणजे जुने महिने पुन्हा चालवले तरी बदलत नाहीत. 8 धरले तर वरच्या बुधवारचे 3 आणि आठवड्याचेही 3. बेरीज केली तर 6 जातील. दोन्हींतला मोठा आकडा घ्या.

उद्यमबाग_पेरोल: खिडक्या लावल्या, नाइट बरोबर यायलीय. दोघांचं अजून मिस पंच आहे, एकाला 2 मिनिटांचंच काम दाखवतंय.

मच्छे_एचआर: त्यानं दोनदा बोट लावलंय. 21:56 इन, 21:58 आउट, मग सकाळचा पंच एकटा पडतो. 5 मिनिटांच्या आतला दुसरा पंच गाळायचं सेटिंग चालू करा आणि महिना 1 तारखेपासून नाही, आदल्या महिन्याच्या शेवटच्या रात्रीपासून पुन्हा प्रोसेस करा, नाहीतर 1 तारखेचा सकाळचा आउट परत लोंबकळेल.