मैदानावर वर्ग नेला तर पोट्टे ऐकतच नाहीत, कसं जमवता?

पाटीपेन्सिल: नमस्कार, नागपुरात पाचवीला शिकवते, ४८ पोट्टे. मागच्या आठवड्यात परिमिती मैदानावर घेतली, म्हटलं दोरीनं मोजतील तर डोक्यात बसेल. कशाचं काय! निम्मे खारीमागे, दोघं-तिघं नळावर, आणि हेडसर खिडकीतून बघून राहिले होते. वरून एका आईचा फोन, मॅडम युनिट टेस्ट जवळ आली अन् तुम्ही काऊन खेळवून राहिल्या? कोणी नेमानं असं शिकवतं का?

धंतोलीवाला: ताई, वाईट नका मानू पण मी त्या आईच्या बाजूनं. आमच्या पोराला शाळेनं 'निसर्ग शिक्षण' म्हणून अंबाझरीला नेलं, घरी आल्यावर विचारलं काय पाहिलं, म्हणे समोसा. वहीत एक ओळ नाही.

खडूचीधूळ: भाऊ ती सहल झाली, तास नाही. ताई, माझाही पहिल्या दोनदा असाच बाजार उठला होता. आता काम वर्गातच वाटून देतो, चौघांचा गट, एकाकडे दोरी एकाकडे वही, बाहेर वीस मिनिटंच, उरलेला वेळ परत वर्गात आकडे मांडायला. आणि निघायच्या आधी अंदाज लिहून घ्यायचा! मैदानाची परिमिती कोणी ४० मीटर लिहितं कोणी ५००, मग आपलं बरोबर का त्याचं हे बघायला स्वतःच मोजत सुटतात. सातवीला कडुलिंबाची उंची काढायला लावतो, १ मीटरच्या काठीची सावली दीड मीटर आणि झाडाची १२ मीटर, तर झाड ८ मीटर. दोन्ही सावल्या एकाच वेळी मोजायच्या हां, सूर्य सरकला की उत्तर गेलं. न चढता उंची सापडते म्हटल्यावर मागच्या बाकावरचे पण पुढे येतात. मार्चनंतर मात्र नऊच्या आतच, आपल्या उन्हात एखादं भोवळ येऊन पडलं तर सगळंच बंद.

सेवाग्रामकडची: हेडसरांना सांगा हे काही बाहेरचं फॅड नाही, इथं ७५ किमीवर वर्ध्यात १९३७ च्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, हातानं काम करता करता शिकायचं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात पण सहावी ते आठवीदरम्यान १० दिवस दप्तराविना आहेत. तुमची पाचवी त्यात बसत नाही म्हणा, पण कागद दिसला की हेडसर लोक जरा नरम येतात.

पाटीपेन्सिल: अंदाजाचं सुचलंच नव्हतं बाप्पा! सोमवारी पहिलाच तास धरते. दोरीला मीटरच्या गाठी मारू का?

खडूचीधूळ: गाठी नका मारू, मार्करनं खुणा करा. माझी १० मीटरची दोरी गाठींनी अर्धा मीटर आखूड झाली होती, आणि ते एका पोट्टीनंच पकडलं.