मदत हवी आहे: केंदाळाचे तुरे वाकलेत, आता काढून उपयोग आहे का?

मंडळी, प्रश्न जलपर्णीचा, म्हणजे केंदाळाचाच आहे. आम्ही सात-आठ जण सुट्टीच्या दिवशी तळ्यात उतरून हाताने काढतो. मागच्या खेपेला सगळं पाणी मोकळं केलं, फोटोबिटो काढले, आणि पुढे पाणी आटून काठाचा गाळ उघडा पडला तर त्यावर गवतासारखी बारीक चपटी पाती उगवली, मी म्हटलं गवतच असेल, राहू दे, आणि पाणी परत चढल्यावर त्याच पात्यांतून केंदाळ तरंगायला लागलं. तोवर मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगत होतो की हे नुसतं बाजूला फुटणाऱ्या पिल्लांनी वाढतं, बियांचं टेन्शन नको!!

आता परत तेच व्हायला नको. दहा-बारा दिवसांपूर्वी जांभळे तुरे भरभरून होते, आता बरेचसे दांडे मान टाकून टोकं पाण्यात बुडालीत. एक तोडून आणला, वाळक्या पाकळ्यांच्या आत हिरवं बोंड आहे, नखाने फोडलं तर पांढरट मऊ दाणे, चिरडले की नुसतं पाणी. म्हणजे बी कच्चं ना? पुढचा रविवार धरू की आत्ताच पळू? आणि काढलेला माल काठावरच टाकला तर चालेल का, लांब वाहून न्यायला माणसं नाहीत.

चिखल्या: दांडा वाकला तिथून दिवस मोजायचे. फूल एक-दोन दिवसांत मिटतं, दांडा वाकतो, आणि साधारण १६ ते २३ दिवसांत बोंड पिकून फुटतं, बिया थेट तळाशी. एका बोंडात तीनशेपर्यंत असू शकतात, आणि गाळात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतात, म्हणजे एक हंगाम चुकला तर पुढची पोरं निस्तरत बसतील. तुमच्याकडे आठवडा आहे फार तर. पण सगळे तुरे एकाच दिवशी फुलत नाहीत, सगळ्यात आधी जिथे फुललं तिथली बोंडं फोडून बघा. दाणा तपकिरी, कडक, अंगावर उभ्या रेघा असलेला निघाला तर तो पिकला. माल काठावर अजिबात नको, तिथलाच ओला गाळ आणि ऊन बियांना हवं असतं.

एकटा जीव: एवढा कुटाणा कशाला, ग्लायफोसेट तणनाशक मारा आणि मोकळे व्हा.

चिखल्या: @एकटा जीव, अहो सगळं तळं एकदम मेलं की ते तिथेच बुडून कुजतं, पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे उलटे होऊन वर येतात, बघितलंय मी. शिवाय तळाच्या बियांना त्याने काहीही होत नाही. भुंग्यांचा उपाय आहे, निओकेटिना म्हणतात, ते पानं कुरतडतात, पण वेळ लागतो, ह्या हंगामाला कामाचा नाही.

धागाकर्ता: आत्ता जाऊन आलो. मधल्या भागात सगळं पांढरंच आहे, पण ओढा येऊन मिळतो त्या कोपऱ्यात तीन बोंडांत तपकिरी दाणे निघाले, खसखशीपेक्षा जरा मोठे, बोटाला चिकटले तर झटकता झटकत नव्हते. चप्पल तिथेच धुवायला निघालो होतो, मग लक्षात आलं आणि बादलीत धुतली.

आता असं ठरवलंय की रविवारची वाट बघायची नाही, उद्या सकाळीच त्या कोपऱ्याला हात घालायचा, आधी विळ्याने तुरे कापून टबात आणि मगच झाड ओढायचं, नाहीतर ओढताना पिकलेली बोंडं तिथेच फुटायची. @चिखल्या दादा, टबातले तुरे जाळायचे तर ओले जळणार नाहीत, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात ठेवले तर बी मरेल का, का खोल खड्ड्यात पुरू? आणि ती चपटी पाती दिसली की लगेच उपटायची, का जरा हाताला येईपर्यंत थांबायचं?

चिखल्या: पुरा, पाण्यापासून लांब आणि खोल. पाती दिसली त्याच दिवशी उपटा, गाळात रुजलेली आहेत तोवर जागची हलत नाहीत. एकदा देठ फुगले की सुटून तरंगतात आणि मग आठवडा-दोन आठवड्यांत दुप्पट.