कुत्र्याने झोपेच्या गमी खाल्ल्या, काय करू? (तातडीचं)

ठाणेकरीण: बाबांच्या मेलाटोनिन गमीची बाटली आमच्या लॅबने चावून फोडली. वजन २८ किलो. आठ-दहा गमी नक्की गेल्यात, पाऊण तास झाला असेल. आत्ता तरी शेपटी हलवत फिरतोय. नेहमीचे डॉक्टर फोन उचलत नाहीयेत. आई म्हणतेय मिठाचं पाणी पाजून ओकायला लाव. पाजू का? ठाण्यात रात्री कोण असतं?

भटक्या: मीठ अजिबात नको! अंगात सोडियम वाढलं तर ते गमीपेक्षा महागात पडेल. दूध-ताकानेही विष उतरत नाही. पाचपाखाडीतल्या एका डॉक्टरांचा नंबर व्यनि केलाय. निघण्याआधी फोन कर, रात्री शटर खाली असतं.

श्वानसखा: मेलाटोनिनची फारशी काळजी नको. त्याने सुस्ती येते, एखादी उलटी होते, चाल जरा डगमगते. खरी भानगड बाकीच्या मालाची. बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाच. झायलिटॉल आहे का? कधी नाव न लिहिता नुसतं 'स्वीटनर (९६७)' छापतात. माणसाला त्याचं काही नाही, पण कुत्र्याच्या अंगात त्याने इन्सुलिन उसळतं आणि अर्ध्या-एक तासात साखर धाडकन उतरते, कधी काही तासांनी. किलोमागे ०.१ ग्रॅमही पुरतं, ०.५ च्या पुढे यकृत जाऊ शकतं. ९६५ (माल्टिटॉल) किंवा ९६८ (एरिथ्रिटॉल) असेल तर ही भीती नाही. दुसरं बघायचं ते ५-एचटीपी किंवा ग्रिफोनिया (ज्या झाडाच्या बियांतून ५-एचटीपी काढतात ते). फुटकी बाटली सोबत ने, डॉक्टरांना तीच लागेल.

पॉमची आई: उगाच घाबरवताय. आमच्या पॉमने तीन गोळ्या गिळल्या होत्या, दिवसभर घोरला, बस्स.

श्वानसखा: ताई, त्या साध्या गोळ्या होत्या. गमीत गोडवा कशाचा, हाच तर प्रश्न आहे. सहा किलोच्या पॉमला ०.६ ग्रॅम झायलिटॉलही जड जाईल.

ठाणेकरीण: ९६५ आहे. पण खाली 'ग्रिफोनिया सीड एक्स्ट्रॅक्ट' लिहिलंय!!

श्वानसखा: मग वाट बघू नकोस, निघ. त्यातल्या ५-एचटीपीने सेरोटोनिन (मेंदू-नसांतलं एक रसायन) वाढतं: थरथर, अंग तापणं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणं, फिट. कधी दहा मिनिटांत, कधी तीन-चार तासांनी. घरी ओकारी काढू नकोस, झोपाळला असेल तर फुप्फुसात जाईल. डॉक्टर इंजेक्शन देऊन काढतील. गाडीत कुणीतरी मागे त्याच्याजवळ बसा, एसी चालू ठेवा.

भटक्या: बाबा रोज कसली गोळी घेत असतील आणि तीही त्याने खाल्ली असेल, तर तेही सांग. नैराश्याच्या काही गोळ्यांसोबत ५-एचटीपी जास्त वाईट.

ठाणेकरीण: (रात्री १.४०) पोचलो. ओकारी काढली, सात गमी जवळजवळ अख्ख्या निघाल्या, प्लॅस्टिकच्या तुकड्यांसकट. बाबांच्या गोळ्या कपाटात जागच्या जागी आहेत. ताप नाही, थरथर नाही. सलाइन चालू आहे, सकाळपर्यंत ठेवणार आहेत. भटक्या, नंबरबद्दल खूप आभार.

पॉमची आई: आमच्या बाटलीवर आत्ता पाहिलं. ९६७ आहे. वरच्या फळीवर ठेवली.

भटक्या: वरची फळी मांजरासाठी असते, ताई. कडीवालं कपाट बघा.