अनुभव धागा : खमरा घ्यावा की खमरा कहवा?

लताफा या अमिरातीतील कंपनीने २०२२ मध्ये ‘खमरा’ आणि २०२३ मध्ये ‘खमरा कहवा’ हा परफ्यूम आणला. दोन्ही गोड, उबदार, व्हॅनिला-दालचिनीचेच आहेत. पहिल्यात खजूर आणि जायफळ, तर दुसऱ्यात वेलची, आले आणि कॉफी अशी भर असली, तरी दुकानातल्या कागदी पट्टीवर मला त्यांतला फरक नीट ठरवता आला नाही. इंदूरच्या हवेत ज्यांनी हे दोन्ही वापरले आहेत, त्यांनी कोणता ठेवला आणि का, हे कृपया सविस्तर लिहावे.

रामबाग : मी दोन मनगटांवर दोन लावून दिवसभर हिंडलो. दालचिनी, आले यांचा तिखटपणा तुलनेने लवकर विरतो आणि व्हॅनिला, टोंका (एक सुगंधी बी) यांसारखे जड घटक सावकाश उडतात. त्यामुळे संध्याकाळी दोन्ही मनगटे जवळजवळ सारखीच वाटली. शेवट सारखाच होणार असेल, तर सुरुवात ज्याची आवडेल तोच घ्यावा, या विचाराने मी कहवा घेतला. वेलचीमुळे त्याची गोडी अंगावर येत नाही.

सुदामानगर : रामबागच्या दादांशी मी सहमत नाही. त्वचेवर तसे होत असेल, परंतु शालीवर कॉफीचा किंचित कडवटपणा दुसऱ्या दिवशीही ओळखू येतो. मला तो नको होता, म्हणून मी खमराच ठेवला. मात्र व्हॅनिलाचा वास देणाऱ्या व्हॅनिलिनमुळे पांढऱ्या कापडावर पिवळट डाग पडू शकतो, तेव्हा लग्नाच्या शेल्यावर थेट फवारू नये.

राजवाडा परिसर : मे महिन्यात यांपैकी कोणताही लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, चाळीस अंशांपलीकडच्या उन्हात शेजारी बसणाऱ्याला गुदमरायला होते. डिसेंबरात सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत गराडू (तळलेला कंद) खायला जाताना मात्र खमराला तोड नाही, जरी तिथल्या तुपाच्या आणि जिरावन मसाल्याच्या वासापुढे कोणता परफ्यूम टिकतो, हा प्रश्नच आहे.

रामबाग : सुदामानगरच्या ताई, शालीचे पटले. मी कापडावर लावून पाहिलेच नव्हते. दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइडने काहींच्या त्वचेला खाज सुटते. अशांना तर कापडावरचाच वास महत्त्वाचा, आणि त्यांनी तुमच्याप्रमाणे निवड करावी.