राहतं घर विकायला काढलं की 'बघायला' येणारे : तुमचे अनुभव लिहा

अन्वयी
सकाळी साडेनऊला बेल वाजली. माझ्या हाताला कणीक. दारात ब्रोकर, मागे चार माणसं, एक आजी आणि कुणाच्या तरी खांद्यावर झोपलेलं पोरगं. "घर जोवा आव्या छीए." मी कोपराने समोरचं दार दाखवलं. समोरच्या वहिनींनी दार उघडलं आणि त्यांचा चेहरा बघून माझ्याच पोटात गोळा आला. केस ओले, हातात पायपुसणं. दहा मिनिटांपूर्वी फोन आला असणार, बाल्कनीतले कपडे उचलून गादीखाली गेले असणार. मी पाच महिने हे केलंय, मला दिसतं.

आमचं आधीचं घर कारेलीबागेत तळमजल्यावर. 31 जुलै 2019 ला बडोद्यात एका दिवसात जो पाऊस झाला त्यात विश्वामित्री नदी आमच्या हॉलमध्ये. दिवाळीनंतर घर विकायला काढलं. भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ राहिली होती. ब्रोकर म्हणाला रंग मारून टाका. पूर्ण घराला रंग परवडेना म्हणून ह्यांनी चार फुटांपर्यंतच मारून घेतला. रंग तोच, डबा नवा. झालं काय, खाली चकचकीत आणि वर जुनाट, म्हणजे आधी फक्त रेघ होती आता जाहिरात झाली. येणारा प्रत्येक माणूस चप्पल काढायच्या आधी तिकडेच बघायचा. "पाणी भरायुं'तुं?"

त्यात सासूबाई. झोपाळ्यावर बसलेल्या असायच्या आणि विचारलं नाही तरी सांगायच्या, "इथपर्यंत आलं होतं हो," आणि हात धरून दाखवायच्या. पहिल्या पार्टीला गुडघा, पुढच्यांना मांडी, नाताळपर्यंत कमर. हे म्हणायचे, नदी ऑगस्टमध्ये उतरली, आईच्या हातात अजून चढतेय.

तुम्ही राहत्या घरात हे कसं निभावलंत? लिहा. मला आज दिवसभर त्या वहिनीच आठवणार आहेत.

दांडियाबाजार
हात चढत होता हे वाचून चहा सांडला. पुसून परत येतो.

तिखटमीठ
आमच्याकडे बोंबील. रविवार दुपार, तळून झालेले, आणि फोन, "बेन, नीचे ज छीए." पार्टी पक्की शाकाहारी. चारी खिडक्या उघडल्या, कापूर लावला, त्यावर अगरबत्ती, त्यावर नवऱ्याचा डिओ. आता घरात बोंबील मेलाय आणि त्याचे विधी चालू आहेत असा वास. त्या बाई नाकाला पदर लावून फक्त पॅसेजपर्यंत आल्या. मुलगा सात वर्षांचा, त्याने विचारलं, आई त्यांना एक देऊ का?

मालतीकाकू
सुके का ओले?

तिखटमीठ
सुके काकू. भाचा मुंबईहून आणतो. ट्रेनमध्ये शेजारचे उठून जातात, पाय पसरून येतो.

भायलीरोड
हे म्हणजे कांदेपोहे कार्यक्रमच की, फक्त मुलीऐवजी घर.

दांडियाबाजार
कुणीतरी हे लिहिणार याची वाटच बघत होतो.

सुधा_मांजलपूर
आमचा अनुभव जरा वेगळा. सासरे, म्हणजे आबा, दीड वर्ष अंथरुणावर होते. त्यांच्या औषधोपचारासाठीच घर विकायचं होतं, लहान फ्लॅटमध्ये जायचं होतं. आतली खोली त्यांची. लोक आले की मी आधी आत जाऊन त्यांची चादर सारखी करायचे, भांडं पलंगाखाली सरकवायचे, केस विंचरायचे. ते म्हणायचे, मला कशाला नटवतेस, मी किमतीत नाही ना? बरेच लोक दारातूनच परत फिरायचे, काही जण मान खाली घालून खोली मोजायचे. एक गृहस्थ मात्र आत आले, खिडकी उघडून बघितली, आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात, "आ रूम क्यारे खाली थशे?" (ही खोली कधी रिकामी होणार?) मला घाम फुटला. आबा डोळे मिटूनच म्हणाले, "तमारी लोन पास थाय ते पहेलां."

ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. आबा नव्या फ्लॅटमध्ये आठ महिने होते. खिडकीतून शाळेचं मैदान दिसायचं.

अन्वयी
सुधाताई... काय लिहू. आबांना नमस्कार.

मालतीकाकू
हसू आणि रडू एकदम आलं गं. तू फार केलंस त्यांचं.

नर्मदेहर
इंदूर, लोकमान्य नगर. आमच्याकडे नळाला नर्मदा एक दिवसाआड. ज्या दिवशी पाणी त्या सकाळी ड्रम, टब, बादल्या, पातेली, सगळं भरून पॅसेजमध्ये. आणि पार्टी नेमकी त्याच सकाळी. पाण्याचे हंडे ओलांडत येणार आणि विचारणार, "यहाँ पानी की दिक्कत है क्या?" ह्यांचं उत्तर ठरलेलं, "नहीं नहीं, भरपूर आता है, देखिए ना कितना भरा है." शेवटी मी ब्रोकरला बजावलं, पाण्याच्या दिवशी कोणाला आणायचं नाही. उरले तीन-चार दिवस, त्यात एक रविवार, आणि रविवारी सकाळी इंदुरात पोहे-जिलेबी सोडून घर बघायला कोण येतंय.

पासबुकवाले काका
सर्वांना नमस्कार. बँकेत 34 वर्षे नोकरी झाली, म्हणून चार गोष्टी सांगतो. मूळ दस्तावेज कोणालाही 'वकिलांना दाखवून आणतो' म्हणून नेऊ देऊ नका. झेरॉक्स द्या, त्यावर तारीख आणि कोणाला दिली ते लिहा. बयाणा चेकने किंवा खात्यात. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 किंवा जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही, दंड घेणाऱ्याला होतो, म्हणजे तुम्हालाच. किंमत 50 लाख किंवा वर असेल तर घेणारा 1 टक्का टीडीएस, म्हणजे तुमच्या नावाचा आयकर, कापून भरणार, तेव्हा हातात कमी आले म्हणून भांडू नका.

भायलीरोड
काका माहिती छान पण विषय बघायला येणाऱ्यांचा आहे.

पासबुकवाले काका
तेच सांगतो आहे. बघायला आलेला माणूस दुसऱ्या फेरीत कागद मागतो. पहिल्या फेरीत मागितले तर तो घेणारा नाही, दुसरा दलाल आहे.

सुधा_मांजलपूर
हे मात्र शंभर टक्के खरं.

वाडीवाला
गुजरातेत एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर 1 टक्का नोंदणी फी माफ. त्यामुळे आमच्याकडे येणारा प्रत्येक जण सांगायचा, "मिसेसच्या नावावर घेणार." एकदा विचारलं, मग मिसेस कुठे आहेत? खाली गाडीत! उन्हात बसवून ठेवलेल्या. माझी बायको खाली जाऊन त्यांना वर घेऊन आली, पाणी दिलं. त्यांनी स्वयंपाकघर दोन मिनिटांत बघितलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, सिंकवर खिडकी नाही, नको. आमची पार्टी आमच्याच बायकोने घालवली.

तिखटमीठ
वहिनींना सलाम.

वाडीवाला
ती म्हणते अजून एक ग्लास पाणी दिलं असतं.

झिपरी
मुलगी दहावीला होती, बोर्ड मार्चमध्ये, लोक फेब्रुवारीत. तिच्या खोलीच्या दारावर कागद लावला, 'अभ्यास चालू आहे'. एक काका आत शिरले, "बेटा, भणो भणो," म्हणत तिच्या खुर्चीमागे उभे राहून पंख्याचा रेग्युलेटर एक ते पाच फिरवून बघत होते. तिचे सगळे कागद उडाले. तिने वळून बघितलंच नाही, फक्त म्हणाली, "पंखा आम्ही घेऊन जाणार आहोत."

घाईत लिहितेय, कुकर लावलाय. अजून एक आहे, नंतर लिहिते.

दांडियाबाजार
वास्तुवाले कोणाला भेटले का? आमचे तिसऱ्या फेरीला जाणकार घेऊन आले. त्यांनी फोनमध्ये होकायंत्र उघडलं, स्वयंपाकघर आग्नेयेला, उत्तम. मग लिहून घ्यायला फोन फ्रिजला टेकवला आणि सुई गरकन फिरली. दाराच्या रबरात लोहचुंबक असतं हो. दोन मिनिटांत आमचं अख्खं घर दक्षिणमुखी झालं. माझा भाऊ विज्ञान शिकवतो, त्याने समजावलं, ऐकेनात. जाणकार म्हणाले, "फ्रिज ज दोष छे." मी म्हटलं, फ्रिज ठेवून जातो.

लष्करकर
ग्वाल्हेर. वाडा. हिस्सेदार सात. बघायला येणाऱ्याला प्रत्येक खोलीत वेगळा भाव सांगितला जायचा. अजून विकला नाही. इति.

झिपरी
आले. तर ब्रोकर 'फक्त मोजमापासाठी' म्हणून व्हिडिओ काढून गेला. देवघर, दोरीवरचे परकर, टेबलावरची गोळ्यांची पाकिटं, सगळं त्यात. चार दिवसांनी नणंदेचा नाशिकहून फोन, "वहिनी, घर विकताय आणि आम्हाला कळवलं पण नाही?" तिच्या मैत्रिणीच्या कुठल्याशा ग्रुपवर फिरत फिरत पोचला होता. पडदे ओळखले म्हणे, तिनेच दिलेले होते. घर विकलं त्याला तीन वर्षं झाली, ते प्रकरण अजून मिटलं नाही. तेव्हा बायांनो, व्हिडिओ काढू द्यायच्या आधी दोरी मोकळी करा आणि नणंदेला फोन करा. क्रम उलटा केलात तरी चालेल.

मालतीकाकू
झिपरी तू त्या पडद्यांचं काय केलंस मग?

झिपरी
घराबरोबर गेले काकू. ते तर तिला अजून सांगितलंच नाहीये.

नर्मदेहर
वेळेचं सांगायचं राहिलं. दोन महिन्यांनी मी नियमच केला, शनिवार-रविवार चार ते सहा, एवढंच. ब्रोकर चिडला, पार्टी जाईल म्हणाला. ज्याला खरंच घ्यायचं होतं तो ऑफिसमधून हाफ डे टाकून आला. बाकीच्यांना फक्त दुपारची फेरी मारायची होती. आणि दागिने वगैरे सगळे सांगतातच, पण बघायला आलेल्यांबरोबर घरातलं एक माणूस हवं. आमचा फक्त मोबाईलचा चार्जर गेला, पण पंधरा दिवस एकमेकांवर संशय घेतला आम्ही.

भायलीरोड
अन्वयीताई, शेवटी कोणी घेतलं ते सांगा ना. रेघ बघून?

अन्वयी
सांगते. फेब्रुवारी 2020 मध्ये एक जोडपं आलं, दोघंही कारेलीबागेतलेच, तीन गल्ल्या पलीकडचे. त्यांनी रेघेकडे बघितलंच नाही, त्यांच्या घरीही तीच होती. भाव बराच पाडला, आम्ही दिलं. मार्चमध्ये दस्तावेज झाला, अर्धं सामान मांजलपूरला नेलं आणि लॉकडाऊन. दोन महिने कुकर तिकडे, शिट्टी इकडे.

मग ऑगस्ट 2024. विश्वामित्रीची धोक्याची पातळी 26 फूट, त्या वेळी 35 च्या वर गेली. त्यांना फोन करायचं धाडस होईना. आपण फसवलं नव्हतं, तरी. पाणी उतरल्यावर त्यांनीच ह्यांना फोटो पाठवला. सगळे सुखरूप, वर गच्चीत होते, पण हॉलमध्ये पाणी आमच्या नव्या रंगाच्याही वर. सासूबाईंनी फोन हातात घेतला, फोटो दोन बोटांनी मोठा केला, बराच वेळ बघितला. मला वाटलं रडतील. हात छातीशी धरून म्हणाल्या, "बघ, इथपर्यंत."

सुधा_मांजलपूर
अगं बाई.

दांडियाबाजार
आता चहा सांडला नाही, तसाच गार झाला.

वाडीवाला
विषयांतर, पण तुमच्या समोरचा फ्लॅट किती बीएचके आहे? भाव काय म्हणतायत? मेव्हणा मांजलपुरातच शोधतोय.

अन्वयी
दोन. भाव विचारून कळवते. फक्त यायच्या आधी अर्धा तास फोन करायला सांगा, वहिनींना कपडे काढायला वेळ लागतो.

तिखटमीठ
ताई वाक्य परत वाचा.

अन्वयी
बाल्कनीतले!!! दोरीवरचे!