मदत हवी आहे: लाकडी नेकचा हेडलेस बेस घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

इथे बेस गिटार वाजवणारे बरेच जण आहेत म्हणून थेट विचारतो. हेडलेस बेस, म्हणजे नेकच्या (तारा दाबायच्या लांब दांडीच्या) टोकाला खुंट्यांचा हेडस्टॉक नसलेला बेस, घ्यायचं मनात आहे. बजेट पन्नास हजारांच्या आसपास, म्हणजे कार्बन फायबरचा नेक विसरायचा, लाकडीच घ्यावा लागणार. आणि तिथेच माझं घोडं अडलंय. या वाद्याचे जे गुण सांगतात, ते हेडस्टॉक काढल्यामुळे येतात की कार्बनमुळे?

मी जुन्या हिंदी-मराठी गाण्यांच्या वाद्यवृंदात वाजवतो. तीन-तीन तास उभं राहावं लागतं. सध्याचा बेस नेहमीच्या घडणीचा, ३४ इंची स्केलचा (म्हणजे तारेची वाजती लांबी). पट्टा लावून हात सोडला की नेक जमिनीकडे झुकतो, त्यामुळे डाव्या हाताचं निम्मं बळ तो सावरण्यातच जातं आणि मध्यंतरापर्यंत मनगट भरून येतं. दुसरं दुखणं जी तारेवर. पाचव्या फ्रेटचा (नेकवरच्या धातूच्या पट्टीचा) सी हा सूर छान घुमतो, पण त्याच्या पुढचा सी शार्प छेडला की 'ठप्' होऊन बसतो. लगेच पुढचा डी पुन्हा व्यवस्थित. संथ गाण्यात सूर धरून ठेवायचा असतो तेव्हा ही जागा फार बोचते. तार बदलली, फ्रेट तपासून घेतले, फरक शून्य.

यावर शोधता शोधता नेड स्टाइनबर्गरपर्यंत पोचलो आणि तेव्हापासून डोक्यातून विषय जात नाही. हा माणूस मुळात फर्निचर डिझायनर. ब्रुकलिनमध्ये स्टुअर्ट स्पेक्टर त्याच कार्यशाळेत बेस बनवायचा, त्याच्यासाठी १९७०च्या दशकात यानं एक बॉडी आखून दिली. मग स्वतः बेस बनवायला घेतला आणि नेक झुकण्याच्या प्रश्नाशी गाठ पडली. त्याचा विचार मला फार आवडला: खुंट्या जड असतात, मग त्या सर्वांत लांबच्या टोकाला हव्यातच कशाला? त्यानं त्या ब्रिजपाशी, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तिथे, आणल्या. खुंट्या गेल्यावर हेडस्टॉकला काही कामच उरलं नाही. पुढे त्यानं लाकूडही सोडलं आणि कार्बन फायबर व इपॉक्सीचा एल-२ बेस केला. टाइम साप्ताहिकानं १९८१च्या उत्तम डिझाइन्समध्ये त्याला जागा दिली. रश या रॉक बँडचा गेडी ली, बेसवादक टोनी लेविन यांच्या हातात तो दिसू लागला. १९८७ मध्ये गिब्सन या गिटार कंपनीनं त्याची कंपनी विकत घेतली.

लोक या बेसला वल्हं म्हणतात, बिनडोक म्हणतात. आमच्या वाद्यवृंदातही 'स्टेजवर ते बरं दिसत नाही' असं ऐकून झालंय. मला मात्र तो अतिशय देखणा वाटतो, कारण त्यात निरुपयोगी असं काही शिल्लकच नाही. तंबोऱ्याची बारीक जुळवणी आपण घोडीच्या खालच्या मण्यांनी करतोच की! तार बॉडीच्या टोकाकडून जुळवणं आपल्या कानाहाताला नवं नाही.

तर जाणकारांनी कृपया सांगावं:

लाकडी नेकवर ती मेलेली जागा जाते का? दोन्ही टोकांना गोळी असलेल्या तारा (साध्या तारेला ती एकाच टोकाला असते) लागतातच का? आमच्या गावात त्या कुठल्याच दुकानात नाहीत. आणि छोट्या बॉडीचा बेस उभ्यानं वाजवताना हाताला कसा लागतो?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद

धागाकर्ते, प्रश्न अगदी योग्य जागी धरलाय तुम्ही. पैसे घालण्यापूर्वी घरीच एक प्रयोग करा. हार्डवेअरच्या दुकानातून छोटा सी-क्लॅम्प (स्क्रूनं आवळायचा शिकंजा) आणा, हेडस्टॉकला कापडाची घडी लावून त्यावर हलकेच आवळा आणि बेस ॲम्पला न जोडता जी तारेचा एकेक फ्रेट वाजवून बघा. 'ठप्' होणारी जागा बहुतेक सरकलेली आढळेल. नेकची स्वतःची एक कंपनसंख्या असते. एखादा सूर तिच्या जवळ आला की तारेची ताकद नेक हलवण्यात खर्च होते आणि सूर लवकर मरतो. टोकाचं वजन वाढलं की ती कंपनसंख्या उतरते, वजन काढलं की चढते. म्हणजे लाकडी हेडलेसवर जागा नाहीशी होईलच असं नाही, पण ती हलेल. कुठे जाईल, हे तो विशिष्ट बेस हातात घेतल्याशिवाय कुणीही सांगू शकणार नाही. कार्बनचा नेक फार ताठ, त्यामुळे तिथे हा त्रास कितीतरी कमी. तुमच्या दोन दुखण्यांपैकी मनगटाचं हेडस्टॉक गेल्यानं बरं होईल, सुराचं खरं औषध कार्बन.

तारांचं म्हणाल तर दोन गोळ्यांच्या तारा वापरायला सुखाच्या. गुंडाळायचं काही नाही, अडकवा आणि ब्रिजचा स्क्रू फिरवा, कार्यक्रम चालू असताना तार तुटली तरी धांदल होत नाही. पण तुमच्याकडे मिळत नसतील तर साध्या तारा धरणारा हेडपीस (नेकच्या टोकाला तार आवळायचा भाग) असलेलाच बेस बघा. आयबानेझ कंपनीच्या ईएचबी या हेडलेस बेसच्या मालिकेत साध्या तारा चालतात. मात्र तार आधी हेडपीसमध्ये घट्ट आवळायची आणि मगच उरलेलं टोक कापायचं. आधी कापलीत तर वरचं वेटोळं गाभ्यावरून सुटू शकतं आणि नवी कोरी तार भद्द वाजते.

उभ्यानं वाजवण्याबद्दल: अगदी वल्ह्याच्या आकाराच्या बॉडीला वरचं शिंग (पट्टा अडकवायचं पुढे आलेलं टोक) नसतं, त्यामुळे सगळं वाद्य डावीकडे सरकतं आणि पहिला फ्रेट लांब गेल्यासारखा वाटतो. मूळ स्टाइनबर्गरला पाठीमागे फिरता पट्टाधारक दिलाय तो यासाठीच. तुम्ही शिंग असलेली बॉडी निवडा. पट्ट्याची खुंटी बाराव्या फ्रेटच्या आसपास असेल तर तोल छान राहतो. आणखी एक, क्लिपवाला ट्यूनर लावायला जागा नसते आणि मानेला धरणारा स्टँडही उपयोगाचा नाही. पेडल ट्यूनरचा (जमिनीवर ठेवून पायानं चालवायच्या ट्यूनरचा) खर्च बजेटमध्ये धरा.

धागाकर्ता

मनापासून आभार! क्लॅम्प लावून बघितला. सी शार्प मोकळा झाला आणि 'ठप्' खाली सीवर आलं. इतके दिवस मी तारांना आणि फ्रेटना दोष देत होतो.

आता निर्णय असा: मनगटासाठी लाकडी हेडलेस घ्यायचा, शिंगवाला, साध्या तारांचा, आणि जी तारेचा प्रत्येक फ्रेट ऐकल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. न बघता ऑनलाइन मागवणं बाद. पुण्या-मुंबईत कुणाकडे असा बेस असेल आणि तासभर वाजवू देणार असाल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. वापरलेला विकायचा असेल तरीही कळवा, फक्त ब्रिजवरचे चारही ट्यूनर हातानं सहज फिरतात का तेवढं आधी बघून ठेवा.